फोंड्याहून पणजीला, उजव्या कानातल्या चुन्यासाठी

माझं फोंड्यात हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते काय मागणार हे कळायच्या आत माझी मान वर जाते, कारण जे मागतात ते नेहमी वरच्या फळीवरच असतं. तीस वर्षांची सवय. फेब्रुवारीत एका गवंड्यानं पाऊण इंची एल्बो (पाइपाचे कोपरे) मागितले. मी मान वर केली, डबा दिसला, आणि पुढच्याच क्षणी डबा, फळी, भिंत, रंगाच्या कंपनीचं कॅलेंडर असं सगळं गरगरायला लागलं. काउंटरची कड धरली म्हणून पडलो नाही. गवंड्याला वाटलं शेटची साखर उतरली. तो धावत जाऊन समोरच्या गाड्यावरून लिंबू सोडा घेऊन आला. तो परत येईपर्यंत भिंत जागेवर आलेली होती. सोडा मी प्यायलो, पैसे त्यानेच दिले. एल्बो माझ्या कामगारानं काढून दिले.

त्याच रात्री झोपेत उजव्या कुशीवर वळलो आणि पलंग भोवऱ्यासारखा फिरला. बायको जागी झाली. "कितें जालें?" मी म्हटलं, "घुंवळ येता." (आमच्या घरात बोलणं कोकणी, वहीखातं आणि पेपर मराठी. दोन्हीत चक्कर सारखीच लागते.) अर्ध्या मिनिटात थांबलं. पाठीवर आलो, पुन्हा वळलो, पुन्हा तेच, पण जरा कमी. पहाटेपर्यंत मी उजवी कूसच सोडून दिली.

पणजीतल्या ज्या चक्करच्या दवाखान्यात शेवटी माझा इलाज झाला त्याबद्दल हे लिहितोय. पाचपैकी चार तारे. नाव मुद्दाम घालत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि एका दुकानदारानं दुसऱ्याची पाटी काळी करू नये असं मला वाटतं. अशा प्रकारच्या दवाखान्यात काय होतं, काय बघावं, कुठे पैसे वाचवावेत, एवढं कळलं तरी पुष्कळ.

तिथे पोचायच्या आधी दीड महिना वाया गेला. एका ठिकाणी बीपी बघितलं, ठीक होतं. दुसऱ्या ठिकाणी मानेचा एक्स-रे काढला आणि मणके झिजलेत म्हणून पट्टा दिला. छप्पन्नाव्या वर्षी कुणाच्या मानेचा एक्स-रे गुळगुळीत येतो? पण पट्ट्यामुळे गंमत झाली. मान वर जाईना, म्हणून चक्कर कमी झाली, आणि निदान बरोबर होतं असं घरातल्या सगळ्यांना वाटलं. पट्टा काढला त्या दिवशी पुन्हा भिंत फिरली. तिसऱ्या ठिकाणी एमआरआय, साडेसात हजार रुपये, रिपोर्ट नॉर्मल. शिवाय दिवसाला तीन चक्करच्या गोळ्या. त्यांनी चक्कर गेली नाही, पण दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. एका गिऱ्हाइकाला मी अर्धा किलो खिळ्यांऐवजी अर्धा किलो स्क्रू दिले. तो सज्जन, परत घेऊन आला.

मग एका नातेवाइकानं पणजीचं सुचवलं. फोन केला. फोनवरच्या बाई गोड बोलल्या, गुरुवारी साडेअकराची वेळ दिली. कदंबानं, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसनं, निघालो. बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, रायबंदर, सगळा वेळ मान ताठ ठेवून. तिथे गेल्यावर तपासणी करणाऱ्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला, "काका, सकाळी गोळी घेतली?"

घेतली होती. न घेता बसमध्ये बसायची माझी छातीच नव्हती.

"मग आज नाही होणार. या गोळ्या डोळ्यांचे हिसके दाबतात. आम्हाला तर तेच बघायचे असतात. दोन दिवस गोळी बंद ठेवून या. आणि यायच्या आधी तीन तास काही खाऊ नका."

हे फोनवर सांगता आलं नसतं का? एक फेरी, अर्ध्या दिवसाचं दुकान, आणि बायकोनं सोबतीला म्हणून घेतलेली रजा. अर्धा तारा इथेच गेला. तुम्ही जाणार असाल तर स्वतःहून विचारा की कुठल्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या. आणि गोळी ज्यांनी दिली त्यांनाही विचारा, मनानं बंद करू नका.

जागेबद्दल. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, जिना जुन्या पणजीतल्या इमारतींना असतो तसा अरुंद आणि वळणाचा. चक्करवाल्या माणसाला कठड्याला धरून दोन मजले चढवायचं म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरनं पाटी बारीक अक्षरात लावण्यासारखं झालं. वर गेल्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी. मी टाइल्सही विकतो. दिसायला छान, पण ज्याचं डोकं आधीच ठिकाणावर नाही त्याला बुद्धिबळाच्या पटावर बसवू नये. छताला पंखा, तोही गरगर फिरणारा. एकूण सजावट करणाऱ्याला इथे काय चालतं हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आता चार तारे का, ते.

दुसऱ्या फेरीला डॉक्टर बाई भेटल्या. चाळिशीच्या असतील. मशीनकडे वळायच्या आधी त्यांनी मला वीस मिनिटं बोलू दिलं. गेल्या दीड महिन्यात मिळून कुणी इतकं ऐकलं नव्हतं. पहिला प्रश्न त्यांनी फार नेमका विचारला: "डोळ्यांपुढे अंधारी येऊन भोवळ आल्यासारखं होतं, की चालताना झोक जातो, की खोली गरगर फिरते?" आपण या तिन्हीला सरसकट चक्कर म्हणून मोकळे होतो. त्या म्हणाल्या, शब्द मराठीत आहेतच, पेशंट वापरत नाहीत. अंधारी आली तर बीपी, हृदय बघावं लागतं. झोक जात असेल तर पाय, नसा, मेंदू. आणि खोली फिरत असेल तर बहुतेक वेळा कान. मग विचारलं, किती वेळ फिरते? मी म्हटलं, वीस-पंचवीस सेकंद. कशानं? मान वर केली, उजव्या कुशीवर वळलो, खाली वाकून गोणी उचलली. ऐकू कमी येतं? नाही. कानात आवाज? नाही. बोलताना जीभ अडखळते, एकाचे दोन दिसतात? नाही. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, माझ्या नाकाकडे बघा म्हणाल्या, आणि एकदम छोटासा झटका दिला, आधी डावीकडे, मग उजवीकडे. माझी नजर त्यांच्या नाकावरून हलली नाही. "हे चांगलं आहे," म्हणाल्या.

मग मोबाइल हातात दिला. "समोर धरा आणि मोबाइल भराभर डावी-उजवीकडे हलवा. वाचता येतं?" अक्षरं पुसट झाली. "आता मोबाइल स्थिर, डोकं तेवढंच हलवा." अक्षरं स्वच्छ. घरी करून बघा, फुकट आहे. डोकं हललं की कान डोळ्यांना कळवतो आणि डोळे तितकेच उलट्या बाजूला सरकतात, म्हणून जग जागच्या जागी दिसतं. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास होतं. मोबाइल हलतो तेव्हा कानाला खबरच नसते, म्हणून डोळे मागे पडतात.

कानाच्या आत काय आहे ते त्यांनी प्लास्टिकच्या मॉडेलवर दाखवलं, पण मला कळलं ते माझ्या दुकानाच्या भाषेत. प्रत्येक कानात तीन अर्धगोल नळ्या, आत पाणी. गवंडी लेव्हल काढायला पारदर्शक पाइपात पाणी भरतात, मी तो मीटरवर विकतो. तसल्याच, पण तांदळाच्या दाण्याच्या मापाच्या. डोकं वळलं की नळी वळते, पाणी मागे रेंगाळतं, आतला एक पडदा वाकतो, आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. त्या नळ्यांच्या बुडाशी एक पिशवी, युट्रिकल नावाची. तिथे एका लिबलिबीत थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे बसलेले असतात. तो आपला ओळंबा. खाली कुठलं आणि वर कुठलं ते वजनानं सांगतो. कॅल्शियम कार्बोनेट म्हटल्यावर मी दचकलोच. शिंपल्याचं कवच त्याचंच असतं, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांचा चुना शिंपल्या भाजूनच काढत. म्हणजे मी आयुष्यभर ज्याची पोती उचलली त्याचाच भाऊबंद डोक्यातही होता.

वय झालं, डोक्याला मार बसला, फार दिवस अंथरुणावर पडून काढले, की हे खडे सुटतात. कधी काहीच कारण सापडत नाही. सुटलेले खडे घरंगळत नळीत शिरतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सगळ्यात खालच्या पातळीला आहे. गाळ नेहमी खालच्या बेंडलाच साठतो, हे कुठल्याही प्लंबरला विचारा. मग मान वर केली की गाळ घसरतो, पाण्याला ओढतो, पडदा वाकतो. डोकं स्थिर आहे पण कान सांगतोय की वळतंय. डोळे बिचारे कानाचं ऐकतात. हे खडे एमआरआयमध्ये दिसत नाहीत, इतके बारीक असतात. ते दिसतात फक्त डोळ्यांच्या वागण्यातून. एवढं वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर साडेसात हजार वाचले असते.

मग चष्मा. पाणबुड्याच्या गॉगलसारखा जड, समोरून पूर्ण काळा, आत दोन कॅमेरे. काळा का, तर डोळ्याला टक लावायला काही मिळालं की कानामुळे येणारे हिसके तो दाबून टाकतो. अंधारात टक लावता येत नाही आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याला मात्र सगळं दिसतं. मुलीनं माझं डोकं पंचेचाळीस अंश उजवीकडे वळवलं, आणि "काका, डोळे उघडे ठेवा, काहीही झालं तरी" म्हणून मला मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबतं. एक, दोन, तीन, चार. काहीच नाही. मला वाटलं, आज नेमकी येणार नाही. वायरमन आला की पंखा सुरू होतो तसं. आणि मग आली. मी टेबलाच्या दोन्ही कडा धरल्या, त्या मुलीचा हातही धरला असावा, कारण नंतर ती मनगट चोळत होती. वीस-बावीस सेकंद. उठवून बसवलं तर पुन्हा एक छोटी लाट, उलट्या बाजूनं.

नंतर त्यांनी मला रेकॉर्डिंग दाखवलं. असं दाखवणारा दुसरा दवाखाना मला तरी भेटला नाही, आणि मी चार तारे देतोय त्यातला दीड तरी याचा आहे. पडद्यावर माझे दोन डोळे, प्रत्येक नारळाएवढा, काळे-पांढरे. पहिले चार सेकंद शांत. मग बुबुळ हळूच खाली सरकतं आणि फटकन वर उडी मारतं. पुन्हा हळू खाली, फटकन वर. नीट बघितल्यावर दिसलं की ते नुसतं वर जात नाहीये, पिळलंही जातंय. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरा काळ्या रेघांसारख्या दिसत होत्या, आणि प्रत्येक झटक्याला त्या रेघा स्क्रू आवळावा तशा थोड्या वळायच्या, वरची कड उजव्या कानाकडे. आधी झटके जोरात आणि दाट, मग विरळ, मग संपलं. छप्पन्न वर्षं हे डोळे मी आरशात बघतोय. ते असं काही करू शकतात हे मला माहीत नव्हतं, आणि करत असताना मला फक्त भिंत फिरताना दिसत होती.

बाजूला आलेख. हे बघून मात्र मी हसलोच. करवतीचं पातं! एक बाजू तिरपी, एक बाजू सरळ तुटलेली, दात एकामागून एक. तिरपी बाजू म्हणजे कानानं डोळ्याला हळू ओढलं ते, सरळ बाजू म्हणजे मेंदूनं झटक्यात परत आणलं ते. दात कुठल्या बाजूला कललेत त्यावरून कुठला कान, कुठली नळी ते कळतं. याला निस्टॅग्मस म्हणतात. आजार दाखवते ती संथ ओढ, पण नाव देतात झटक्याच्या दिशेचं. मी म्हटलं, आमच्याकडे पाऊण इंची पाइप आतून मोजा की बाहेरून, पाऊण इंच कुठेच भरत नाही. धंद्याच्या रीती असतात.

चार सेकंद थांबून सुरू होणं, मिनिटाच्या आत संपणं, वर आणि खालच्या कानाकडे पिळणं, उठल्यावर दिशा उलटणं, पुन्हा केलं की कमी येणं: उजव्या कानाची मागची नळी, शंका नाही. ही तपासणी डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनी 1952 मध्ये लंडनमध्ये मांडली. मशीन नसलं तरी कुठल्याही टेबलावर, नुसत्या डोळ्यांनी करता येते. फोंड्यातल्या तीन ठिकाणांपैकी एकानंही मला आडवं करून माझ्या डोळ्यांत बघितलं नव्हतं.

इलाज म्हणजे गाळ उलट्या वाटेनं बाहेर काढणं. त्याला एप्ली म्हणतात, अमेरिकेतल्या ज्या डॉक्टरनं ही रीत काढली त्याच्या नावावरून. त्यांच्या निबंधाचं साल 1992. डोकं उजवीकडे लोंबतं ठेवून अर्धं मिनिट, तसंच डावीकडे वळवून अर्धं, मग सगळं अंग डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं. ना सुई, ना गोळी. डॉक्टर बाईंनी माझ्या डोळ्यांवरचा तो काळा चष्मा काढला नव्हता. दुसऱ्या वळणावरही हिसके पहिल्यासारखेच त्याच दिशेला आले, तर त्या मुलीला म्हणाल्या, "बरोबर चाललंय." म्हणजे गाळ पुढे सरकतोय. दोनदा केलं. तिसऱ्यांदा मागे झोपवलं तर पडद्यावर दोन शांत डोळे. मी मुद्दाम छताच्या पंख्याकडे मान वर करून बघितलं. पंखाच फिरत होता, बाकी काही नाही.

त्या दिवशी खाली उतरून मी भाजी-पाव दोन प्लेट खाल्ले. सकाळपासून उपाशी होतो.

आता पैशाचं. काउंटरवर बसणाऱ्या बाईंनी आत जायच्या आधीच "संपूर्ण पॅकेज" फाडलं होतं, साडेसहा हजारांचं: सल्ला, चष्म्याची तपासणी, श्रवणचाचणी, कानात पाणी सोडून करायची चाचणी, आणि व्यायामाची पाच सत्रं. डॉक्टर बाईंनी आत स्पष्ट सांगितलं की पाण्याची चाचणी आणि सत्रं तुम्हाला लागणार नाहीत. बाहेर आल्यावर तेवढे पैसे परत मागितले तर "पुढच्या भेटीत वळते करू". माझ्या दुकानात न उघडलेला डबा परत आला तर मी त्याच मिनिटाला गल्ला उघडतो. मला पैसे मिळाले, पण तिसऱ्या भेटीला, आणि दोन फोन करून. उरलेला अर्धा तारा इथे गेला. पॅकेज आधी भरू नका. डॉक्टरना भेटून मगच चाचण्या ठरवा.

ती पाण्याची चाचणी वाईट नाही, फक्त माझ्या कामाची नव्हती. तिच्यामागची गोष्ट मात्र मला आवडली. वेटिंगरूममध्ये एका दाढीवाल्याचा जुना फोटो आहे, त्याची. रॉबर्ट बारानी, व्हिएन्नाचा कानाचा डॉक्टर. रुग्णांचे कान पाण्यानं धुताना पाणी थंड असलं की ते चक्कर येते म्हणून ओरडायचे, गरम असलं तरी ओरडायचे. त्यानं डोळ्यांकडे बघितलं तर हिसके. थंड पाण्याला एका दिशेला, गरमला बरोबर उलट. त्यातून त्यानं चाचणीच बसवली. आजही 30 आणि 44 अंशांचं पाणी वापरून एका कानाची ताकद दुसऱ्याशी ताडून बघतात. 1914 चं नोबेल त्याला जाहीर झालं तेव्हा तो महायुद्धात रशियनांच्या कैदेत होता.

वेटिंगरूममध्येच एक तारवटी भेटले, साष्टीतले, तीस वर्षं बोटीवर काढलेले. त्यांचा कान वेगळा. आधी कान भरल्यासारखा होतो, आत इंजिनाचा आवाज, ऐकू कमी येतं, आणि मग दोन-तीन तास जग फिरतं. या आजाराला मेनिएर म्हणतात. मला म्हणाले, "बोटीवर वादळात कधी उलटी केली नाही. आता घरच्या सोप्यावर करतो." त्यांच्या डोळ्यांचे हिसके झटक्याच्या सुरुवातीला एका दिशेला असतात आणि नंतर दिशा पालटते, म्हणून एकदाच बघून चालत नाही, असं त्यांना सांगितलं होतं. मीठ कमी करायला सांगितलंय. सुके बांगडे आणि खारें बंद म्हणताना त्यांचा चेहरा पडला. त्यांच्यासाठी व्यायाम, श्रवणचाचणी, पॅकेजातलं बरंच काही कामाचं असेल. माझं बिल हे त्यांचं बिल नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी आधी सांगायला हवी होती. एप्ली झाल्यावर चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी रात्री कूस वळली आणि पुन्हा फिरलं, पण वेगळं. पहिलं तिरपं, पिळल्यासारखं असायचं. हे सपाट, जात्यासारखं आडवं. आणि जोर जास्त. मला वाटलं, संपलं, आता डोक्यातच काहीतरी आहे. बायको रात्रभर बसून. सकाळी फोन केला तर डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, कधी कधी खडे बाहेर पडताना शेजारच्या नळीत घुसतात, या. अहो, पण हे एप्लीनंतर दोन वाक्यांत सांगता आलं असतं! आम्ही पाइप जोडून देतो तेव्हा गिऱ्हाइकाला म्हणतो ना, पहिले दोन दिवस गढूळ पाणी येईल, घाबरू नका.

गेलो. पुन्हा चष्मा. या वेळी पाठीवर झोपवून डोकं उजवीकडे वळवलं तर डोळे आडवे, उजवीकडे झटके. डावीकडे वळवलं तर डावीकडे झटके. म्हणजे दोन्ही वेळा जमिनीकडे. उजवीकडे जोर जास्त, म्हणून गुन्हेगार कान उजवाच. आता नळी आडवी, तर इलाजही आडवा. उजव्या बाजूनं सुरू करून डाव्या बाजूला, पालथं, आणि पुन्हा फिरून, पाव पाव वळणानं अख्खा गोल. याचं नावच बार्बेक्यू रोल आहे, मी बनवलेलं नाही. शॅकवर सळईला लावून कोंबडी फिरवतात तसा मी त्या टेबलावर फिरलो. माझं वजन ब्याऐंशी किलो, मुलीचं असेल पन्नास. देव तिचं बरं करो. एका फेरीत काम झालं, आणि या भेटीची फी त्यांनी घेतली नाही, हेही लिहायला हवं.

चवथीला, गणपतीत, घरात बायकांची फुगडी चालली होती. भाची आठवीत आहे. तिची आणि तिच्या मैत्रिणीची जोडी इतकी जोरात फिरत होती की गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या सुपाऱ्या हलल्या. थांबल्याबरोबर मी भाचीला धरून उभं केलं आणि म्हटलं, माझ्याकडे बघ. तिचे डोळे! हळू एका बाजूला, फटकन दुसऱ्या बाजूला. उजवीकडे फिरली होती, झटके डावीकडे. पाच-सात सेकंदांत विरले. "मामा, काय बघताय?" म्हणाली. निरोगी कानाचंही हेच होतं, पाणी फिरत राहतं आणि अंग थांबलेलं असतं. बसच्या खिडकीतून माडांकडे बघणाऱ्या माणसाचे डोळेही असेच उड्या मारतात, ते मात्र कानामुळे नव्हे, बाहेरचं दृश्य पळतं म्हणून. मी आता कदंबात समोरच्या सीटवरच्या लोकांचे डोळे बघत बसतो. बायकोनं एकदा कोपर मारलं.

या दवाखान्यात कुणी जाऊ नये तेही लिहितो, कारण मला विचारून दोघे जण निघाले होते. चक्करसोबत बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसायला लागले, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, उभंच राहता येईना, किंवा पहिल्यांदाच असं डोकं ठणकलं, तर क्लिनिकची वेळ घेत बसू नका. 108 लावा, थेट बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल. डॉक्टर बाईंनीच सांगितलं होतं की काही हिसके मेंदूचे असतात: डोळे सरळ खाली झटके देतात, किंवा उजवीकडे बघितलं की उजवीकडे आणि डावीकडे बघितलं की डावीकडे, आणि टक लावली तरी थांबत नाहीत. ते ओळखणं आपलं काम नाही. तिथे मिनिटं मोजायची असतात.

आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून घरी एप्ली करायची घाई नको. कुठला कान, कुठली नळी हे कळल्याशिवाय केलं तर उलट्या आटीचा नट आवळल्यासारखं होतं. मला नंतर त्यांनी घरी कसं करायचं ते शिकवलं, कागदावर चित्र काढून दिलं, "उजवा" शब्दाखाली दोन रेघा मारून. तो कागद दुकानात गल्ल्याच्या काचेखाली आहे. रिपोर्ट मात्र चार पानांचा, सगळा इंग्रजी, आकड्यांनी भरलेला. माझ्यासारख्याला त्यातला फक्त करवतीचा आलेख कळतो.

ऑगस्टमध्ये एकदा पुन्हा आलं होतं. हे परत येऊ शकतं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. कागद बघून पलंगावरच केलं, बायकोनं डोकं धरलं, दुसऱ्या दिवशी ठीक. पट्टा मी भंगारवाल्याला दिला. एल्बोचे डबे खालच्या फळीवर घेतले आहेत. वर आता बिजागऱ्या आहेत, त्या कमी खपतात.

वेळ आधी फोन करून घ्या, सकाळची घ्या, सोबत कुणालातरी न्या, येताना स्वतः गाडी चालवू नका. गेल्या आठवड्यात मेहुण्याला घेऊन गेलो. फोनवरच्या बाईंनी गोळ्यांचं आपणहून सांगितलं. लिफ्ट अजून बंद आहे.